थेंबातले ३६,४५० जीव आणि १६०० एक्सचा डबा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. आधी सोसायटीच्या, मग द्राक्षवाल्यांच्या आणि शेवटी आमच्या दहावीच्या बॅचच्या. खाली जोडलेले हात आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’. पाठवणाऱ्यांत शेजारच्या काकू आहेत, ज्यांचा शब्द मी सहसा खाली पडू देत नाही. तासगावचे तात्या आहेत, ज्यांच्या बागेतल्या काड्या दर सप्टेंबरला माझ्या टेबलावर येऊन पडतात. ‘हे खोटं आहे’ एवढं लिहून गप्प बसावं, तर दोघंही म्हणणार, मग खरं काय ते सांग की. म्हणून हे जरा सविस्तर.

मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (असं सांगलीत कोणी उरलं असेल तर), त्यांच्यासाठी थोडक्यात. मायक्रोस्कोपचा शोध १५९० साली हॉलंडच्या झकारियास यान्सेननं लावला. पुढे लेवेनहूक नावाच्या एका अशिक्षित कापड दुकानदाराला योगायोगानं जंतू दिसले. पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव असतात, हे कॅप्टन स्कोर्सबी नावाच्या शास्त्रज्ञानं मायक्रोस्कोपखाली सिद्ध केलं. आपल्या पूर्वजांकडे हे यंत्र आधीपासून होतंच, शांतिपर्वात तसा उल्लेख आहे. मायक्रोस्कोपची पॉवर जितकी जास्त तितकं बारीक दिसतं, आणि आता हजार रुपयांच्या आत १६०० एक्सचा डिजिटल मायक्रोस्कोप घरपोच मिळतो, त्यात विषाणूसुद्धा दिसतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यापासून काचेचे मायक्रोस्कोप भंगारात निघाले, पण लॅबवाले त्यावरच तपासण्या करून लुटतात.

शेवटचं वाक्य मला लागलं, हे लपवत नाही. अकरा वर्षं मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि आता विश्रामबागेतल्या माझ्या दीड खोलीत, काचेच्याच मायक्रोस्कोपपुढे मान मोडून बसण्यात माझं आयुष्य चाललंय. मेसेजच्या क्रमानं जात नाही. ज्या मुद्द्यात सगळ्यात जास्त जीव आहेत, तिथून सुरू करते.

‘एका थेंबात ३६,४५० जीव.’

हा आकडा आमच्या भागात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. प्रवचनात ऐकला, शाळेच्या हस्तलिखितात वाचला, एकदा लग्नपत्रिकेच्या मागेही छापलेला पाहिला. त्यामुळे तो हवेतून आलाय असं मी म्हणणार नाही. त्याला मूळ आहे, पण ते मूळ आपल्या पिण्याच्या पाण्यात नाही.

विल्यम स्कोर्सबी हा इंग्लंडचा दर्यावर्दी, देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचा कप्तान. जन्म १७८९, मृत्यू १८५७. माणूस मोठा चौकस. बर्फाच्या कणांचे आकार काढायचा, समुद्राचं तापमान मोजायचा. १८२०च्या सुमारास ग्रीनलंडच्या बाजूच्या समुद्रात त्याला पाण्याचे पट्टेच्या पट्टे पिवळट हिरवे दिसले. त्यातला एक थेंब त्यानं आखीव चौकोनांच्या काचेवर घेतला. एका चौकोनात सरासरी ५० जीव भरले. थेंबानं व्यापलेले चौकोन ५२९. पन्नास गुणिले पाचशे एकोणतीस, म्हणजे २६,४५०.

२६,४५०. छत्तीस नव्हे, सव्वीस. गुणाकार कोणीही पाटीवर करून बघावा. नकलेवर नकला होताना कुठेतरी दोनाचे तीन झाले असावेत, आणि मग तो तीन पक्का झाला.

पण माझा आक्षेप दहा हजारांच्या फरकाला नाही. स्कोर्सबीनं जिथं सूक्ष्मजीवांची एवढी गर्दी होती की समुद्राचा रंगच बदलला होता, तिथला थेंब घेतला. कोणी गणपतीच्या मिरवणुकीत गणपती पेठेतली माणसं मोजावीत आणि सांगलीच्या प्रत्येक गल्लीत एवढीच माणसं असतात असं म्हणावं, त्यातला हा प्रकार. थेंब नळाचा की विहिरीचा की कृष्णेचा, उन्हाळ्यातला की पुरातला, यावर आकडा बदलतो. शिवाय ‘जीव’ कोणाला म्हणायचं यावर तर फारच बदलतो. जिवाणू धरले तर उघड्या समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख असतात. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर थेंबाला पन्नास हजार. विषाणू मोजायला घेतले तर लाखांत जाल. उलट चांगल्या क्लोरीन टाकलेल्या नळाच्या थेंबात माझ्या मायक्रोस्कोपखाली काहीही हालचाल दिसत नाही. म्हणजे ३६,४५० हा आकडा एकीकडे फार मोठा आणि दुसरीकडे फार लहान.

रविवारी काकूंनाच लॅबमध्ये बोलावलं. येताना त्यांच्या नातवानं आयर्विन पुलाच्या खालून बाटलीभर कृष्णेचं पाणी आणलं. काचपट्टीवर एक थेंब, वर कव्हरस्लिप, आधी १०ची लेन्स. काकूंनी चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. मग एकदम ‘अगं, पळालं!’ चपलेच्या तळव्याच्या आकाराचा एक पॅरामिशियम हा एकपेशीय जीव कडेनं घसरत गेला होता. त्याखेरीज होडीसारखे दोन-तीन डायटम (एकपेशीय शेवाळ), शेवाळाचा एक हिरवा धागा, बरीचशी माती. काकू पाच मिनिटं डोळा लावून बसल्या आणि वर बघून मला म्हणाल्या, ‘बाकीचे छत्तीस हजार चारशे एकोणपन्नास कुठे गेले गं?’

स्कोर्सबीची मोजण्याची रीत मात्र अगदी सरळ आहे. आखलेल्या काचेवर थोडं मोजायचं आणि गुणायचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हातानं मोजायच्या तर आम्ही आजही न्यूबाउअर चेंबर या आखीव काचपट्टीवर तेच करतो. रक्त वीसपट पातळ करायचं, चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत जेवढ्या पेशी दिसतील त्याला ५०नं गुणायचं. फक्त त्याखाली पेशंटचं नाव, तारीख आणि नमुना कशाचा हे लिहितो. मेसेजमधून नेमकं तेवढंच गळलं.

आता यावरून कोणी ‘मग पाणी गाळून प्यायचं थोतांडच’ असं म्हणू लागला तर मी काकूंच्या बाजूनं उभी राहीन. आमच्या सांगली-मिरजेत जैन घरं पुष्कळ. नळाच्या तोंडाला पांढरं गाळणं बांधलेलं पाहतच आम्ही वाढलो. त्यामागे अहिंसेचा विचार आहे, त्याला कुठल्या कप्तानाच्या आकड्याची गरजच नव्हती. आरोग्याचंच बोलायचं तर सुट्टा जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कापडाच्या भोकातून तो आरामात जातो. पण पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जिवाणू पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांना, प्लवकांना, चिकटून राहतात, आणि ते प्लवक मात्र कापडात अडकतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुन्या सुती साडीची अनेकपदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं. त्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यानं, ४८ टक्क्यांनी, घटले. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. नव्यापेक्षा जुनी साडी बरी, कारण धुऊन धुऊन धागा फुगतो आणि भोकं लहान होतात. हे त्या मेसेजमध्ये घातलं असतं तर मीच दहा जणांना पाठवलं असतं.

‘पूर्वजांकडे यंत्र होतंच.’

हे लवकर आटपते. शांतिपर्वातल्या ज्या श्लोकाचा हवाला देतात तो खराच आहे. अर्जुन युधिष्ठिराला सांगतो की पापणी लवली तरी मरतील असे अतिसूक्ष्म जीव या जगात आहेत. पण त्याच श्लोकात त्या जिवांना शब्द वापरलाय ‘तर्कगम्यानि’. तर्कानं कळणारे. डोळ्यांना दिसणारे असं श्लोक म्हणतच नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं स्वतःचा पुरावा पूर्ण वाचला असता तर यंत्राची गोष्ट तिथंच संपली असती. न पाहता केवळ विचारानं इथवर पोचणं ही मला तरी यंत्रापेक्षा लहान गोष्ट वाटत नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे.

‘१५९०, झकारियास यान्सेन.’

हे साल मीही परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. यान्सेन हा मिडलबर्ग गावचा चष्मेवाला. त्याचा जन्म साधारण १५८५चा धरतात. म्हणजे शोध लावला तेव्हा वय वर्षं पाच! मग वडिलांनी मदत केली असेल अशी पुस्ती लोक जोडतात.

हे साल आलं कुठून? १६५५ साली, यान्सेन जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, दुर्बिणीचा खरा शोधकर्ता कोण याची चौकशी झाली. तेव्हा त्याच्या मुलानं साक्ष दिली, आमच्या वडिलांनीच १५९० साली केली म्हणून. वारसदाराची साक्ष, पासष्ट वर्षांनंतर, आणि तीही दुर्बिणीबद्दल. कोर्टात उभं राहिलेल्या कोणालाही अशा साक्षीचं वजन सांगायला नको. त्यात यान्सेनवर खोटी नाणी पाडल्याचा गुन्हा शाबीत झालेला. आणि पडताळायचं म्हटलं तर मिडलबर्गचं जुनं दप्तर मे १९४०च्या बाँबहल्ल्यात जळून गेलं.

यान्सेननं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. पण नक्की काय सांगता येतं? १६२०च्या आसपास कॉर्नेलिस ड्रेबेल हा डच माणूस लंडनमध्ये दोन भिंगांचा मायक्रोस्कोप लोकांना दाखवत होता. १६२४मध्ये गॅलिलिओनं स्वतःचा एक बनवून रोममधल्या मित्राला पाठवला. आणि १६२५ साली जोव्हानी फाबर यानं त्याला ‘मायक्रोस्कोप’ हे नाव दिलं. चष्म्याची भिंगं घासणारी गावं, नळीत दोन भिंगं धरून बघणारे दहा कारागीर, त्यातून हे हळूहळू घडलं. एकच नाव आणि एकच साल परीक्षेला सोयीचं पडतं, एवढंच.

‘अशिक्षित कापड दुकानदाराचा योगायोग.’

या वाक्याचा मला खरा राग आला. आंतोनी व्हान लेवेनहूक (१६३२ ते १७२३) डेल्फ्टचा. कापडाचं दुकान होतं, खरं आहे. लॅटिन येत नव्हतं, हेही खरं. पण माणूस जमीनमोजणीची परीक्षा पास झालेला, नगरपालिकेत नोकरीला, दारूची पिंपं मोजून प्रमाणित करणारा. चित्रकार व्हरमीर वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था बघायला याची नेमणूक झाली होती. अशा माणसाला अशिक्षित म्हणायचं तर आमच्या निम्म्या गावाला म्हणावं लागेल.

आणि कापड ही त्याची कमतरता नव्हतीच. विट्याच्या यंत्रमागवाल्यांना विचारा. इंचात किती धागे बसलेत हे मोजायला त्यांच्या खिशात छोटं घडीचं भिंग असतं, पिक ग्लास म्हणतात. भिंगाखाली बघून मोजायची सवय कापडवाल्याला नसेल तर कोणाला असणार?

योगायोगाचं म्हणाल तर १६७६ साली त्यानं जिवाणू पाहिले ते मिरी तिखट का लागते हे शोधताना. मिरीच्या कणांना टोकं असतील आणि ती जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. म्हणून मिरी पाण्यात भिजत घातली, रोज बघितली, रोज लिहून ठेवलं. टोकं नाही सापडली. सापडले असंख्य बारीक जीव. ९ ऑक्टोबर १६७६च्या लांबलचक पत्रात त्यानं ते लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला कळवलं. तिथल्या विद्वानांना ते दिसेचनात. तेव्हा यानं काय केलं, तर गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना बोलावून दाखवलं आणि त्यांच्या सह्यांचे दाखले लंडनला धाडले. चक्क पंचनामा! अखेर नोव्हेंबर १६७७मध्ये रॉबर्ट हूकनं तेच जीव सोसायटीपुढे दाखवले. बुचाच्या कापात पेशी पाहणारा आणि ‘सेल’ हा शब्द देणारा तोच हा हूक. १६८० साली सोसायटीनं लेवेनहूकला सभासद करून घेतलं.

आता यातली गंमत बघा. हूककडे दोन भिंगांचा, नळीचा, दिसायला ऐटबाज मायक्रोस्कोप. लेवेनहूककडे बोटभर पितळी पत्रा आणि त्यात मोहरीपेक्षा फार मोठं नाही असं एकच भिंग. डोळ्याला जवळजवळ चिकटवून बघायचं. आज उरलेल्यांत जो सगळ्यात चांगला आहे, तो साधारण २६६ पट मोठं दाखवतो आणि सव्वा-दीड मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा करतो. दोन भिंगांच्या यंत्रांना ही बरोबरी साधायला पुढची दीडशे वर्षं लागली. कारण प्रत्येक भिंग पांढऱ्या उजेडाचे रंग थोडे फोडतं. एकावर एक भिंगं ठेवली की कडांना रंगीत धुकं दुप्पट. १८३० साली जोसेफ जॅक्सन लिस्टर या दारूच्या व्यापाऱ्यानं भिंगांच्या जोड्या नेमक्या किती अंतरावर बसवाव्यात हे गणितानं दाखवलं, तेव्हा कुठे ते धुकं हटलं. म्हणजे अधिक भिंगं, अधिक पट, म्हणून अधिक दिसलं असं पहिल्या दीडशे वर्षांतच झालेलं नाही. आणि हाच धागा त्या हजार रुपयांच्या डब्यापर्यंत जातो.

‘पॉवर जास्त तेवढं बारीक. १६०० एक्समध्ये विषाणूही दिसतो.’

तात्यांनी तो डबा मागवला होता. मीही मागवला, नऊशे आणि वर काही रुपये. विकणाऱ्याचं नाव सांगत नाही, कारण सगळ्यांचे डबे एकाच साच्यातले. अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा नळकांडा, पुढे आठ बारीक दिवे, मागे वायर, बाजूला ठळक अक्षरात १६०० एक्स.

पहिल्यांदा मी त्याखाली शाळेची स्टीलची पट्टी ठेवली. सगळ्यात जास्त झूम. लॅपटॉपच्या पडद्यावर एका मिलिमीटरच्या दोन रेघांमधलं अंतर दुसऱ्या पट्टीनं मोजलं. १९ सेंटीमीटर. म्हणजे १९० पट. तेही लॅपटॉपच्या पडद्यावर. हेच चित्र भिंतीवर प्रोजेक्टरनं टाकलं असतं तर ‘दोन हजार एक्स’ही भरलं असतं. मग रक्ताची रंगवलेली स्लाइड ठेवली. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची. डब्यात दिसले ते गुलाबी ठिपके, कडा धुरकट. चित्र ओढून मोठं केलं तर ठिपके मोठे झाले, पेशी झाल्या नाहीत.

तात्यांना मी असं समजावलं. सातबाऱ्याची झेरॉक्सची झेरॉक्स आहे, गट नंबरातला आकडा ३ आहे की ८ ते कळत नाही. ती तुम्ही ए-थ्री कागदावर मोठी करून आणलीत. आकडा हातभर झाला. कळला का ३ की ८? तात्या म्हणाले, तलाठ्याकडंच जावं लागतंय. बरोबर. मोठं करणं आणि वेगळं करून दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याला विभेदन म्हणतात, आणि मायक्रोस्कोपची किंमत असते ती त्याची.

विभेदनाला उजेडाच्या स्वभावानंच मर्यादा घातली आहे. येना शहरात कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली ती मांडली. माझ्या मायक्रोस्कोपच्या सगळ्यात मोठ्या लेन्सवर कोरलंय १०० आणि पुढे १.२५. लोक १०० वाचतात, आम्ही १.२५ बघतो. तो आकडा लेन्स किती रुंद कोनातून उजेड गोळा करते ते सांगतो. उजेडाची तरंगलांबी, समजा हिरव्याची ५५० नॅनोमीटर (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन), तिला १.२५च्या दुपटीनं भागा. २२० नॅनोमीटर येतात. याहून जवळ असलेले दोन ठिपके या लेन्सला एकच ठिपका दिसणार, मग वर डोळ्याजवळ कितीही पटीचं भिंग, म्हणजे आयपीस, लावा. आणि हा १.२५ सुद्धा लेन्स आणि स्लाइड यांच्यात तेलाचा थेंब घातला तरच. कोरड्या हवेत तो एकाच्या वर जातच नाही. ढोबळ नियम असा की या आकड्याच्या हजारपटीच्या पुढे मोठं करण्यात अर्थ नाही. माझ्यासाठी ते झालं १२५०. त्यापुढची पॉवर म्हणजे ए-थ्री झेरॉक्स.

कोरोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा. तेव्हा नऊशे रुपयांच्या डब्यात तो दिसणं सोडाच, माझ्या लॅबमधल्या लाखाच्या मायक्रोस्कोपमध्येही त्याचा आकार दिसणार नाही. ज्यांनी ‘विषाणू’ म्हणून व्हिडिओ टाकलाय त्यात धूळ आहे, आणि एका व्हिडिओत तर सरळ हवेचा बुडबुडा आहे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ही की तात्यांना पॉवर लागतच नाही! दर सप्टेंबरला, फळछाटणीच्या आधी, बागायतदार काड्या घेऊन येतात. प्रत्येक जुडीला चिठ्ठी, कुठल्या प्लॉटची, कुठल्या ओळीची. मी काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे नवी फूट जिथून येते ती कळी, ब्लेडनं अलगद कापते आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरते. वीस पट, फार तर चाळीस. वरचे तपकिरी पापुद्रे, आतली पांढरी लव बाजूला केली की मधे मुख्य कोंब दिसतो, आणि त्याच्या कडेला, असेल तर, तुतीच्या फळासारखा गुठळ्यांचा बारीक पुंजका. तो पुढच्या हंगामाचा घड. एप्रिल छाटणीनंतरच्या दिवसांत तो डोळ्यात तयार झालेला असतो. त्या दिवसांत ढग राहिले, ऊन कमी पडलं की डोळे रिकामे निघतात. चौथ्यात नाही, पाचव्यात बारीक, सहाव्यात चांगला, गाठीच्या पुढे दोन बरे. मी बोलते, माझी मदतनीस वहीत लिहिते. त्या वहीवरून तात्या कात्री कुठल्या डोळ्यावर लावायची ते ठरवतात. डोळा चुकला तर अख्ख्या वर्षाचा खर्च पाल्यावर जातो.

हे काम १००च्या लेन्सखाली करून बघा. लेन्स वस्तूच्या इतकी जवळ येते की मधे कागद सरकवायचीही पंचाईत. ब्लेड आणि बोटं कुठून घालणार? दिसणार काय, तर घडाच्या एका गुठळीच्या एका कोपऱ्याचा धुरकट तुकडा. स्टिरिओला दोन डोळ्यांसाठी दोन वेगळे मार्ग असतात, त्यामुळे खोली कळते; चित्र सुलटं असतं, त्यामुळे हात बरोबर जातो; खाली हात घालायला वीतभर नाही तरी बोटभर जागा असते. साध्या कंपाउंड मायक्रोस्कोपमध्ये चित्र उलटं. नवशिका स्लाइड डावीकडे सरकवतो आणि चित्र उजवीकडे पळतं. झाइस कंपनीनं हे सुलट्या चित्राचं जोडयंत्र १८९०च्या दशकात बाजारात आणलं, आणि त्याची पॉवर ऐकून आजही कोणी तोंडात बोट घालत नाही. आमची द्राक्षं मात्र त्यावर उभी आहेत.

‘काचेचे मायक्रोस्कोप भंगारात.’

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हे अफाट यंत्र आहे. १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स नॉल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी पहिला उभा केला. उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत, काचेऐवजी चुंबकाची भिंगं. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी उजेडाच्या मानानं नगण्य, म्हणून आबेची भिंत मागे पडली. १९३९ साली त्यात तंबाखूच्या पानावरचा विषाणू दिसला. रुस्काला नोबेल मिळायला १९८६ उजाडलं. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२० साली देशातल्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्यातला कोरोनाचा विषाणू टिपला तो अशाच यंत्रात.

पण त्यात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. म्हणजे नेहमीच्या रीतीनं तो आधी मारून, वाळवून किंवा गोठवून, कागदाहून कितीतरी पातळ करून. काकूंचा पॅरामिशियम त्यात पळणार नाही. आणि चित्र येतं काळं-पांढरं. कोरोनाचा लालबुंद काटेरी चेंडू आपण जो पाहिला तो रंग संगणकावर भरलेला. विषाणू उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा लहान, त्याला रंग कुठला?

आणि काचेचा मायक्रोस्कोपही थांबून राहिला नाही. फ्रिट्स झेर्निकेच्या फेज कॉन्ट्रास्ट या युक्तीमुळे जिवंत पेशी न रंगवता दिसू लागली, त्याला १९५३चं नोबेल. २०१४चं नोबेल तर उजेडानंच आबेच्या मर्यादेपलीकडे बघण्याच्या युक्त्यांना मिळालं. भंगारात निघालेल्या वस्तूला नोबेल देत नाहीत.

राहता राहिलं लुटणं. क्षयाच्या संशयिताची थुंकी रंगवून तेलाच्या लेन्सखाली धरली की ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी शंभर फील्ड, म्हणजे एका नजरेत दिसणारी शंभर वर्तुळं, बघावी लागतात. शंभर वेळा स्लाइड केसभर सरकवायची, शंभर वेळा फोकस. नव्वदाव्या फील्डमध्ये एक लाल काडी सापडते आणि एका माणसाचा इलाज सुरू होतो. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तेव्हा त्याच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू घामानं गंजले होते आणि उरलेला एकमेव आयपीस तडकलेला होता. बघणाऱ्याच्या बसण्याचे पैसे कोणत्याही डब्यावर छापलेले नसतात. दर जास्त वाटत असतील तर त्यावर जरूर बोलू, पण यंत्र जुनं म्हणून नव्हे.

कोणाला हौसेनं घ्यायचाच असेल तर फोल्डस्कोप घ्या. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी कागद घडी घालून बनवलेला. १४० पट आणि दोन मायक्रॉन, एवढंच तो सांगतो आणि तेवढं दाखवतो. लेवेनहूकसारखंच एक भिंग, डोळ्याला लावून बघायचं. पोरं शाळेच्या डबक्यावर घेऊन बसली तर दुपार जाते.

आणि तो १६०० एक्सचा डबा मी फेकलेला नाही. द्राक्षाच्या पानामागचे फुलकिडे, मिलीबगची पिल्लं, लाल कोळी त्यात झकास दिसतात, आणि फोटो लगेच मोबाइलवर पाठवता येतो. त्यावरची १६०० एक्सची पट्टी खरवडून मी मार्करनं ‘१९० पट’ लिहिलंय. परवा तात्या तो मागून घेऊन गेले.